वर्दी फोनवर, चावी डक्टमध्ये

घरात शिरणारे पाणी म्हटले की सुरतेत आधी तापी आठवते आणि ते स्वाभाविकच आहे. कारण ऑगस्ट 2006 मध्ये शहराच्या वरच्या अंगाला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत विसर्ग झाला (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे 28 लिटर पाणी), तेव्हा शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला आणि तळमजल्यावरच्या कुटुंबांना वरच्या मजल्यांचा किंवा गच्चीचा आसरा घ्यावा लागला. परंतु पूर काही वर्षांतून एकदा येतो. सिंकखालचा कनेक्शन पाईप मात्र कोणत्याही मंगळवारी दुपारी फुटू शकतो आणि त्याची दखल कोणताही पूरनियंत्रण कक्ष घेत नाही. ही दखल घेण्यासाठी जे यंत्र आता बाजारात आले आहे, त्याला ‘स्मार्ट लीक डिटेक्टर’ म्हणजे गळतीची वर्दी देणारे उपकरण म्हणतात, आणि ते सुरतेसारख्या शहरातील घराला कितपत उपयोगी आहे, हा या लेखाचा विषय आहे.

या उपकरणांचे काम समजण्यास अवघड नाही. सर्वांत साध्या प्रकारात तळहाताएवढ्या डबीच्या खालच्या बाजूस धातूचे दोन खिळे असतात; नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने ते वीज वाहून नेते, त्यामुळे दोन्ही खिळ्यांना पाणी लागले की मंडल पूर्ण होते, डबी कर्कश वाजते आणि वाय-फायमार्फत मालकाच्या फोनवर संदेश धाडते. दुसऱ्या प्रकारात खिळ्यांऐवजी लांब दोरी असते, जी भिंतीच्या कडेने पसरता येते आणि तिच्या लांबीत कोठेही ओल लागली तरी वर्दी देते. तिसरा प्रकार महागडा आहे; तो जमिनीवर न ठेवता नळाच्या वाहिनीवरच बसवतात, तो वाहत्या पाण्याचे मोजमाप सतत करतो, त्या घराची पाणी वापरण्याची रीत हळूहळू ओळखतो आणि मध्यरात्री अडीच वाजता पाणी अखंड वाहत राहिले तर विजेच्या मोटारीने व्हॉल्व्ह आपोआप बंद करतो.

या उपकरणांविषयीची दोन मते पुढे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. पहिले ‘आप्पा’ जळगाव जिल्ह्यातून तरुणपणी सुरतेला आलेले, हयात यंत्रमागांवर काढलेले आणि आता डिंडोली भागातील एका सोसायटीचे चिटणीस आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा आणि डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे, तीमधीलच ते एक. दुसरे ‘साहेब’ निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत. वाचकाची अपेक्षा अशी असेल की अभियंता यंत्राची बाजू घेईल आणि जुना कामगार शंका काढील. प्रत्यक्षात मात्र उलट घडते. ज्याला शेजाऱ्यांच्या तक्रारी रोज ऐकाव्या लागतात त्याला यंत्राचा साक्षीदार हवासा वाटतो आणि ज्याने स्लॅब फोडून आतले पाहिले आहे त्याला तो साक्षीदार अपुरा वाटतो.

आप्पांची मांडणी वेळेच्या हिशेबापासून सुरू होते. ‘साहेब, अर्ध्या इंची कनेक्शन पाईप तुटला तर मिनिटाला दहा लिटर पाणी सहज पडते, म्हणजे तासाला 600 लिटर. बाई सकाळी कामावर गेली आणि संध्याकाळी परतली, तर तोवर वरची टाकी रिकामी आणि खालच्या मजल्यावरचे पीओपी जमिनीवर. पाणी पडू लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळले, तर हानी पन्नास लिटरांची. सायंकाळी कळले, तर हजारो लिटरांची. यंत्र पाणी थांबवत नाही हे मान्य, पण ते वेळ वाचवते, आणि पाण्याच्या बाबतीत वेळ म्हणजेच हानी.’

या हिशेबाला खानदेशी वस्तीत एक खास संदर्भ आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, वैशाखातल्या लग्नांसाठी अख्खे कुटुंब सुरत–भुसावळ मार्गावरील गाडीने अमळनेर, धरणगाव वा नंदुरबारकडे निघते आणि सुरतेतले घर आठ-पंधरा दिवस कुलूपबंद राहते. दिवाळीत हिरे कारागिरांची घरेही अशीच बंद असतात, कारण तेव्हा कारखान्यांना लांबलचक सुटी असते आणि सौराष्ट्रातील कुटुंबे गावी जातात. बंद घरातील गळतीला पाहणारा डोळा नसतो. आप्पा आणखी एक गोष्ट नजरेस आणतात, जी अशा उपकरणांच्या जाहिरातींत कधीच येत नाही: सुरतेतील असंख्य घरांत बायका साड्यांना लेस लावणे, खडे चिकटवणे, घडी घालणे अशी मजुरीची कामे करतात आणि व्यापाऱ्याकडून आलेले साड्यांचे गठ्ठे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, बहुधा मोरी किंवा सिंकपासून दोन-तीन हातांवर, जमिनीवरच ठेवलेले असतात. रात्री सिंकखालून पाणी पसरले तर तळची साडी आधी ओल शोषते, मग रंग दुसरीवर उतरतो आणि सकाळी गठ्ठा वरून कोरडा दिसत असला तरी आतून वाया गेलेला असतो. माल व्यापाऱ्याचा, नुकसान मजुरीतून कापले जाणारे. अशा घराला काही शे रुपयांची वाजणारी डबीसुद्धा मोठा आधार ठरू शकते, असे आप्पांना वाटते, आणि त्यांचा हा मुद्दा साहेबांनाही खोडता आलेला नाही.

साहेबांचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांच्या मते ही उपकरणे ज्या घरांसाठी घडवली गेली त्या घरांची रचना निराळी असते: लाकडी जमीन, तळघर, आणि रस्त्यावरील मुख्य वाहिनीतून थेट दाबाने एकाच ठिकाणी आत येणारे पाणी. सुरतेतील सदनिकेत यांपैकी काहीच नसते. येथे महापालिकेचे पाणी बहुतेक भागांत ठरावीक वेळेत येते, ते जमिनीखालच्या टाकीत साठते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून गुरुत्वाने खाली उतरते. ‘आप्पा, आपल्याकडे पाण्याचा दाब मजल्यावर ठरतो,’ साहेब म्हणतात. ‘दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब. बारा मजली इमारतीत वरच्या मजल्यावर नळ जेमतेम धार धरतो आणि खालच्या मजल्यावर तोच दाब साडेतीन किलोंच्या घरात जातो. म्हणून पाईप फुटण्याची भीती खालच्यांना अधिक. पण लोकांची तक्रार पाईप फुटल्याची असते का? तक्रार असते छताला ओल आल्याची.’

येथे संवाद त्याच्या खऱ्या विषयावर येतो आणि साहेबांना थोडे सविस्तर बोलावे लागते. भारतातील बहुमजली इमारतींत न्हाणीघर आणि शौचालय यांखालचा स्लॅब बाकीच्या स्लॅबपेक्षा साधारण फूटभर खोल ओततात. त्याला बांधकामाच्या धंद्यात ‘संकन स्लॅब’ म्हणतात. त्या खोलगट भागात सांडपाण्याचे नळ, नहाणी ट्रॅप आणि त्यांचे सांधे बसवतात, उरलेली जागा विटांचे तुकडे किंवा तत्सम भराव घालून भरतात, वर कोबा करतात आणि फरशी लावतात. फरशीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने रोज थोडे पाणी आत उतरले की भराव ते शोषून घेतो, महिनोन्‌महिने ते आतच मुरते, आणि खालच्या घराच्या छतावर पहिला पिवळा डाग दिसतो तेव्हा वरचे न्हाणीघर पाहायला गेले तर ते अगदी नेहमीसारखेच दिसते. खिळ्यांची डबी त्या फरशीवर ठेवावी तर न्हाणीघराची फरशी दिवसातून चार वेळा ओली होतेच, म्हणजे ती सतत बोंबलणार. न्हाणीघराच्या दाराबाहेर ठेवावी तर ती कधीच वाजणार नाही, कारण पाणी दाराबाहेर येतच नाही, खाली जाते. सुरतेतील सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागड्या गळतीला हे उपकरण आंधळे आहे, असा साहेबांचा निष्कर्ष आहे.

ही गळती महागडी का, हेही त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखे आहे. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्यामुळे प्रखर अल्कता असते आणि तीच आतील सळ्यांना गंजापासून जपते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरत गेला की ही अल्कता हळूहळू घटते, ओल आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो आतून काँक्रीटला रेटतो. मग छताचे पोपडे सुटतात, सळई उघडी पडते, लोणा लागतो. हजीरा आणि डुमसकडून येणाऱ्या समुद्री हवेतील क्षार या प्रक्रियेला आणखी वेग देतात. एका थेंबाचे आकारमान 0.05 मिलिलिटर धरले तर सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला सव्वाचार लिटर आणि वर्षाला सुमारे पंधराशे ऐंशी लिटर पाणी त्या भरावात जाते. हा आकडा साहेब मुद्दाम सांगतात, कारण थेंबथेंब गळतीला लोक क्षुल्लक मानतात.

आप्पा हार मानत नाहीत. ‘मग साहेब, जमिनीवरची डबी नको, नळावरचे यंत्र बसवू. कोणी पाणी वापरत नसताना वाहिनीत प्रवाह दिसला की गळती सिद्ध. बेंगळुरू, चेन्नईकडच्या मोठ्या इमारतींत घरोघरी असे मीटर बसवतातच की.’

साहेबांचे उत्तर या संवादातील बहुधा सर्वांत कामाचे आहे. संकन स्लॅबमधील बरीचशी गळती सांडपाण्याच्या बाजूची असते. अंघोळीचे पाणी मीटरमधून रीतसर मोजले गेले, वापरले गेले, आणि नंतर ट्रॅपच्या सांध्यातून निसटले, म्हणून मीटरला त्यात वावगे काही दिसत नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी. पाश्चात्त्य घरात पाणी एका नळाने आत येते, म्हणून एकच व्हॉल्व्ह बंद केला की सारे घर थांबते. भारतीय सदनिकेत गच्चीवरून उतरणाऱ्या वाहिन्या स्वयंपाकघराला वेगळी, प्रत्येक न्हाणीघराला वेगळी आणि पुष्कळदा फ्लशला वेगळी अशा डक्टमधून येतात. दोन न्हाणीघरांच्या साध्या घरालाही तीन-चार प्रवेश असतात. बेंगळुरूच्या इमारतींतही म्हणूनच घरामागे एक नव्हे, प्रवेशागणिक एक मीटर बसवावा लागतो, आणि खर्च तितक्या पटींनी वाढतो. सुरतेतील जुन्या इमारतींत तर घराचा स्वतंत्र व्हॉल्व्ह असतोच असे नाही. असला तरी तो डक्टमध्ये, वरच्या मजल्याच्या उंचीवर, कबुतरांच्या घाणीत आणि वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे जाम झालेला. ‘वर्दी फोनवर येईल, आप्पा, पण चावी डक्टमध्ये आहे आणि ती फिरत नाही. अमळनेरच्या लग्नमंडपात फोन वाजला तर माणूस काय करणार? शेजाऱ्याला फोन करणार. शेजारी गच्चीवर जाऊन मुख्य वाहिनीच बंद करणार. आणि मग साऱ्या विंगचे पाणी गेले म्हणून तुम्हालाच फोन येणार.’

या ठिकाणी लेखकाच्या मते साहेबांची बाजू भक्कम आहे, आणि ती सुरतेच्या स्वतःच्या इतिहासानेही पुष्ट होते. 2006 च्या पुरानंतर जो मोठा वाद झाला, तो उकाईच्या जलाशयाची पातळी मोजता येत नव्हती यावर झाला नाही. पातळी रोज मोजली जात होती, आणि वाद होता तो पाणी केव्हापासून व किती सोडायला हवे होते यावर. पुढे ‘सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट’सारख्या संस्था उभ्या राहिल्या आणि धरणाच्या पाणलोटातील पावसापासून शहरातील विभागांपर्यंत पूर्वसूचना लवकर पोहोचवण्याचे प्रयत्न झाले. जानेवारी 2016 मध्ये देशातील पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत आलेल्या या शहराने मोजमापाची साधने पुष्कळ जमवली आहेत. पण मोजमाप आणि कृती यांच्यामधला दुवा माणसाचाच असतो, मग तो धरणाचा दरवाजा असो वा न्हाणीघराचा व्हॉल्व्ह.

आप्पा मग आपला दुसरा आणि अधिक व्यावहारिक मुद्दा मांडतात: भांडण. वरच्या घरातून खालच्या घरात पाणी येते, वरचा म्हणतो ‘आमच्याकडे सगळे कोरडे’, खालचा म्हणतो ‘आमचे छत पाहा’, आणि चिटणिसाला दोघांच्या मध्ये उभे राहावे लागते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचा निकाल बराच स्पष्ट दिलेला आहे: पावसाच्या पाण्याची आणि सामाईक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, तर सदनिकेतील शौचालय, न्हाणीघर वा सिंक यांच्या गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाने सोसायचा. गुजरातमध्ये सोसायटीगणिक स्वतःचे नियम असले तरी तत्त्व साधारण हेच मानले जाते. परंतु नियम लावण्याआधी पाणी कोणाचे हे ठरावे लागते, आणि तिथे यंत्राची तारीखवार नोंद उपयोगी पडेल, असे आप्पांना वाटते.

‘यंत्र केव्हा ते सांगते, कोणाचे ते सांगत नाही,’ साहेब उत्तरतात, आणि त्याऐवजी ज्या चाचण्या सांगतात त्यांना रुपयाचाही खर्च जवळपास नाही. न्हाणीघराच्या बहिर्वाहाला बोळा लावून फरशीवर दोन-तीन इंच पाणी भरावे, ते 48 तास तसेच ठेवावे आणि खालच्या छतावर ओल वाढते का ते पाहावे. वाढली तर दोष फरशी व भरावाच्या जलरोधनात आहे. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला तर कोणत्या घराचे पाणी कोणत्या डागात उतरते तेही कळते. ओल वाढली नाही आणि तरीही डाग जिवंत असेल, तर दाबाच्या नळाचा सांधा तपासावा. फ्लशच्या टाकीत रंग टाकून अर्धा तास कोणी फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर आतील वॉशर गळतो आहे. गच्चीवरच्या टाकीच्या पातळीवर रात्री खूण करून, पंप न लावता, पहाटे पुन्हा पाहिले की वापराविना किती पाणी गेले ते सोसायटीला कळते. आणि पावसाळ्यातच ओल येत असेल, नळ बंद ठेवूनही, तर दोष पश्चिमेच्या भिंतीत वा गच्चीत शोधावा. सुरतेत वर्षाला सरासरी सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांतच, त्यामुळे हे निदान करायला जून ते सप्टेंबर हाच काळ योग्य.

यावर आप्पांनी विचारलेला प्रश्न त्यांच्या सरळ व्यवहारबुद्धीला साजेसा आहे: मग इमारत बांधताना यावर उपाय का केला नाही? साहेबांच्या मते उपाय जुनेच आहेत. संकन स्लॅबच्या तळातून एक लहान निचरा-नळी काढून तिचे तोंड डक्टमध्ये उघडे ठेवले, की भरावात पाणी साचताच त्या तोंडातून थेंब दिसू लागतात. टाकीच्या ओसंडण्याच्या नळीचे तोंड मुद्दाम दिसेल अशा जागी ठेवण्याची रीत नळकामात फार जुनी आहे आणि तिला ‘वॉर्निंग पाईप’ म्हणजे सूचक नळी असेच म्हणतात. तिला ना बॅटरी लागते, ना वाय-फाय. अलीकडे काही बांधकामांत स्लॅब खोल न करता नळ खालच्या छताखाली टांगतात आणि त्यावर काढता येणारे पीव्हीसीचे छत लावतात. गळती झाली तर पहिल्याच दिवशी दिसते आणि फरशी न फोडता दुरुस्त होते, फक्त वरच्याचा नळ दुरुस्त करायला खालच्याच्या घरात जावे लागते, आणि हे ज्याला साधे वाटते त्याने सोसायटीचे चिटणीसपद कधी सांभाळलेले नाही.

येथून पुढे दोघांचे मत जवळ येऊ लागते. साहेब मान्य करतात की स्लॅबच्या गळतीला आंधळे असलेले हेच उपकरण काही जागी उत्तम काम करते: सिंकखाली, जेथे पाणी शुद्धीकरण यंत्राची बारीक नळी आणि तिचे सांधे असतात, कपडे धुण्याच्या यंत्रामागे, जिथे पाईप वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, आणि गीझरच्या खाली नव्हे, तर गीझर ज्या कपाटावर टांगलेला असतो त्या कपाटात. या जागा एरवी कोरड्या असतात, म्हणून तिथली ओल म्हणजे गळतीच. पावसाळ्यात दमट हवेचे दव डबीवर जमून ती उगीच वाजण्याची शक्यता असते आणि पाण्यातील क्षारांचा थर खिळ्यांवर बसला तर ती वाजायची थांबते, म्हणून महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने तपासून खिळे पुसायला हवेत. वीज गेली की घरचा राउटर बंद पडतो आणि फोनवर संदेश येत नाही. म्हणून जी डबी स्वतःही वाजते तीच घ्यावी. शेजाऱ्याला आवाज ऐकू येणे हे संदेश येण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

याहून मोठा उपयोग साहेबांना घराबाहेर दिसतो. पावसाळ्यात लिंबायत परिसरात मिठी खाडी फुगली किंवा गटारे तुंबली की इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरते, आणि लिफ्ट त्या पाण्यात उतरली की तिची विजेची यंत्रणा बिघडते. त्या खड्ड्यात दोरीचा संवेदक बसवून पाणी लागताच लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवण्याची सोय करता येते. तळघरातील वाहनतळ आणि रिंग रोडवरच्या कापड मार्केटमधील तळघरांची गोदामे, जिथे जमिनीवर ग्रे कापडाचे तागे रचलेले असतात, यांनाही हेच लागू आहे. येथे वर्दी घेणारा माणूस ठरलेला असतो, पंप हाताशी असतो, आणि म्हणून वर्दीचे कृतीत रूपांतर होते. तळमजल्याच्या घरांत मात्र खाडीचे पाणी बहुधा आधी न्हाणीघराच्या ट्रॅपमधून उलटे वर येते. तिथे वाजणाऱ्या डबीपेक्षा सांडपाण्याच्या वाहिनीवर बसवलेला एकदिशा व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारा पण आत येऊ न देणारा, अधिक उपयोगी पडतो.

विम्याचा प्रश्न आप्पा शेवटी काढतात. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमा योजनेत पूर आणि पाण्याच्या टाक्या, उपकरणे वा नळ फुटणे व ओसंडणे यांमुळे झालेले नुकसान समाविष्ट आहे. परंतु हळूहळू झिरपून होणारी झीज सहसा भरपाईस पात्र ठरत नाही. म्हणजे जी गळती उपकरणाला दिसते तिलाच विम्याचे कवच आहे, आणि जी दिसत नाही तिला दोन्हीकडून संरक्षण नाही. अमेरिकेत काही विमा कंपन्या असे उपकरण बसवणाऱ्याला हप्त्यात सवलत देतात. परंतु तिथले विमेदार ज्या गळतीला भितात ती फुटलेल्या नळाची, मुरलेल्या भरावाची नव्हे. मीटरच्या नोंदींवरून घर केव्हा रिकामे असते हे दूरच्या कंपनीला कळते, ही साहेबांची शंकाही येथे नोंदवून ठेवायला हवी, जरी आप्पांना ती फारशी पटलेली नाही. शेजाऱ्यांना ते आधीच ठाऊक असते, असे त्यांचे म्हणणे.

शेवटी खर्चाचा क्रम ठरतो, आणि त्यावर दोघांचे एकमत होते. घरातील प्रत्येक वाहिनीवर सहज हात पोहोचेल असा व्हॉल्व्ह आधी, तो वर्षातून दोनदा फिरवून पाहायचा. दहा वर्षे जुने कनेक्शन पाईप आणि अँगल कॉक बदलायचे. किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे आणि त्याचा नंबर डबीच्या ॲपमध्ये. मग सिंक, कपडे धुण्याचे यंत्र आणि गीझर या जागी डब्या. नळावरचे महागडे यंत्र सर्वांत शेवटी, आणि तेही घराला एकच प्रवेश असेल तर. जे कुटुंब उन्हाळ्यात गावी जाते त्याने निघताना सगळे व्हॉल्व्ह बंद करून जावे, म्हणजे डबीला बोलायची पाळीच येणार नाही.

नव्या घराचा ताबा घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहते. रेरा कायद्याच्या, म्हणजे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष विकासकाच्या नजरेस आणला, तर तो तीस दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. संकन स्लॅबची गळती दिसायला पुष्कळदा दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे ही मुदत नकळत संपून जाते. म्हणून सुरतेतील नव्या सदनिकाधारकांनी चौथे वर्ष संपण्याआधी प्रत्येक न्हाणीघरात 48 तासांची पाणी-चाचणी करून घ्यावी, खालच्या घराच्या छताचे तारखेसह छायाचित्र काढावे आणि दोष आढळला तर विकासकाकडे तक्रार लेखीच द्यावी.